शॉकअप कुणाच्या वजनाचा

आमच्या ईट गावात गाडीवर मत द्यायला फक्त पुरुष असावं लागतं. गाडी चालवता आलीच पाहिजे अशीही अट नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे. गाय अडली की खांद्यापर्यंत हात घालून वासराचं तोंड सरळ करते, तेव्हा शेजारी उभा असलेला एकही बाप्या मला काही सुचवत नाही. बहुतेक तर भिंतीकडे तोंड फिरवून उभे राहतात. पण तीच मी चौकात गाडी स्टँडवर लावून चाकाकडे वाकले, की टपरीवरचे चहाचे कप घेऊन उठतात. "म्याडम, प्लग बघा." चेन सैल झाली असली तरी प्लग, आरसा ढिला असला तरी प्लग. यांच्या घरात भाजी खारट झाली तरी हे प्लगच बघायला सांगत असतील.

माझी गाडी उंच आहे, सडपातळ, तारांच्या चाकांची, डांबरावर आणि रानातही चालणारी. ती घेतली तेव्हा शोरूममधला माणूस माझ्याशी बोलता बोलता सारखा दाराकडे बघत होता, सर कधी येतात म्हणून. सर म्हणजे माझे यजमान. ते शाळेत शिक्षक आहेत, गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही इथं सरच म्हणते. सर आले, त्यांनी टायरला बुटाची टाच मारून पाहिली आणि "ठीक आहे" म्हणाले. टाच मारून टायरमधलं काय कळतं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

अशीच गाडी हवी होती, कारण माझं निम्मं काम डोंगराकडच्या वस्त्यांवर आहे. डांबर तलावापाशी संपतं. पुढे उखडलेली खडी, एक ओढा, मग मुरमाची चढण आणि वर विखुरलेली घरं. खव्याच्या भट्ट्यांना दूध लागतं, त्यामुळे प्रत्येक दावणीला म्हशी. स्कूटीचं पोट त्या खडीवर घासतं. जीपमधून फिरणारा दुसरा एक डॉक्टर आहे, तो ओढ्यापर्यंत येतो आणि जनावर खाली आणा म्हणतो. अडलेली म्हैस उतारावरून चालवत आणायची म्हणजे काय, हे त्याला कोण विचारणार. मी दारापर्यंत जाते, म्हणून त्या वस्त्या मला बोलावतात. ही गाडी गेली तर त्या वस्त्या गेल्या, आणि मग मी गावात बसून कोंबड्यांना लस टोचत राहणार.

पहिल्यांदा पडले ती काळ्या मातीत. पाऊस होऊन गेलेला, चाकाला चिखलाचे गोळे, गाडी हळूच आडवी झाली आणि मीही. लागलं काहीच नाही. पण बातमी माझ्याआधी घरी पोचली आणि सरांनी गाडी गावातल्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री हा आमच्याकडचा तज्ज्ञ. गाडीवर बसून बघायच्या आधीच तो निदान करतो.

"म्याडम, मागचा शॉकअप लई लूज हाय. पार कसून टाकतो. दोन्ही अंगाला दुधाचे क्यान लटकावले तरी हालणार न्हाय."

"मी कॅन कशाला लटकावू?"

"आज न्हाई हो. उद्याचं सांगता येतंय का? सर बसतेल मागं. पाव्हणं येतेल. एखादं पोतं टाकायची येळ येती."

आमच्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी नसतेच, ती मागे बसणाऱ्यासाठी असते. अख्ख्या तालुक्यात एकही मोटारसायकल तिच्या मालकाच्या वजनाला लावलेली सापडणार नाही. सगळ्यांचे शॉकअप अजून न आलेल्या पाहुण्यासाठी, न विकत घेतलेल्या म्हशीच्या पेंडीच्या पोत्यासाठी कसून ठेवलेले. एकटा माणूस अशा गाडीवर टणाटण उडत जातो, कंबर धरून घरी येतो आणि रस्त्याला शिव्या देतो. मिस्त्रीनं माझ्याही गाडीचा शॉकअप शेवटच्या खाचेपर्यंत कसला. वर पुढे लोखंडी लेगगार्ड बसवलं, मागे कॅरिअर, आणि डाव्या बाजूला साडीगार्ड. मी पँट घालून गाडी चालवते. साडी नेसून माझ्यामागे कोण बसणार होतं ते सरांना ठाऊक. टायरमध्ये इतकी हवा भरली की टिचकी मारली तर ठण्ण वाजावं. हवा जास्त असली की पंक्चर होत नाही, हे त्याचं शास्त्र.

त्यानंतर मी खरोखरीची पडले. डोंगरावरून उतरताना वळणावर खडी होती. मागचं चाक खडीला धरून चालायचं सोडून तिच्यावर नाचायला लागलं, सगळं वजन पुढच्या चाकावर आलं, आणि हँडल माझ्या हातातून वळून गेलं. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्या काळात ज्यांच्या दारी मी गेले असते त्यांच्यापैकी काहींना जनावर ओढ्यापर्यंत चालवत न्यावं लागलं. एकाची म्हैस वाटेतच बसली ती उठली नाही. अजून ते आठवलं की मला राग येतो, आणि तो राग बरोब्बर चौकातल्या त्या मिस्त्रीच्या पान्याकडे जातो.

प्लास्टर निघालं त्या दिवशी जेवताना सरांनी निकाल दिला. सासूबाई समोर बसल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते.

"आता परत पडलीस की विषय संपला. गाडी विकायची अन् स्कूटी घ्यायची. तुला चालवायचं तर चालव, पण ही शेवटची संधी."

"बाईमाणसाला कशाला पाहिजे असली उंटावाणी गाडी," आत्या म्हणाल्या. "पाय तरी पुरतेत का तुझे?"

पाय पुरत नव्हते हे खरं. पण ते माझ्या पायांमुळे नव्हतं हे मला तेव्हा नुकतंच कळायला लागलं होतं. प्लास्टरमध्ये बसून मी गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचून काढलं होतं. गाडी घेतलेल्यांपैकी ते पुस्तक उघडणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन; बाकीच्यांकडे ते प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटावर, गणपतीच्या मखराशेजारी असतं. मोबाइलवर व्हिडिओही पाहिले. त्यातलेही निम्मे शहाणे, गुडघ्यांना ढाली बांधून, हेल्मेटवर कॅमेरा लावून, एक दगड ओलांडायचा तर आधी त्याच्यावर भाषण करणारे. तसले आमच्याकडे रविवारी पुण्याहून येतात. गाडीला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पेट्या, अंगावर उन्हाळ्यात जाकीट, आणि डांबर संपलं की थांबून फोटो. त्यांच्या एका पेटीत माझं सगळं औषधपाणी मावेल. आत काय असतं म्हणून मी एकदा विचारलं, तर कॉफी करायचं भांडं निघालं.

पण त्या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट खरी होती. शॉकअपची स्प्रिंग एका गोल चकतीनं दाबलेली असते आणि ती चकती आकडीच्या पान्यानं फिरवता येते. चालवणारा बसला की गाडी थोडी खाली बसली पाहिजे, म्हणजे खड्ड्यात चाक खाली जाऊन जमीन धरू शकतं. मी वजनानं हलकी. मी बसले तरी माझी गाडी तसूभर दबत नव्हती. ती सदैव दोन कॅन आणि एका पाहुण्याची वाट बघत ताठ उभी होती.

हे मोजायला तीन माणसं लागतात. एकानं गाडी सरळ धरायची, एकानं बसायचं, एकानं मागच्या चाकाच्या आसापासून वरच्या खुणेपर्यंत मोजायचं. घरात आम्ही बरोब्बर तिघं. सरांनी गाडी धरली, म्हणजे एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातात फोन. आत्या कपडे मोजायची टेप घेऊन, कमरेवर हात ठेवून, पाटावर बसल्या.

"आता हिचा काय बिलाऊज शिवायचा का?"

"आत्या, टेप सरळ धरा फक्त."

"सरळच हाय. तूच वाकडी बसलीस."

मी चकती एकेक खाच सैल करत गेले आणि आत्या आकडे सांगत गेल्या. सरांनी फोनमधून डोकं काढून एकदा विचारलं, "हे कंपनीनं बघितलेलं नसतं का?" कंपनीनं बघितलं होतं. मिस्त्रीनं आणि तुम्ही मिळून ते बिघडवलं, असं मी म्हणाले. ते हसले. मी काही बोलले की ते असे हसतात, वर्गातल्या पोरानं चुकीचं पण गोड उत्तर दिल्यासारखे.

मग मी लेगगार्ड काढलं, साडीगार्ड काढलं, कॅरिअरही काढलं. औषधांची पेटी शेपटीवर उंच बांधलेली असायची, तिच्याऐवजी बाजूला खाली लटकणारी कापडी पिशवी केली, म्हणजे वजन बुडाशी आलं. मागची बाजू खाली बसली होती, म्हणून पुढचे पाइपही पकडीतून जरासे वर सरकवून घेतले, म्हणजे पुढची बाजूही तेवढीच खाली आली. टायरमधली हवा उतरवली. चेनची पुढची दात्यांची चकती एका दातानं लहान घातली, तेव्हा गाडी चढणीला क्लच न जाळता चालायला लागली. क्लचचा दांडा माझ्या बोटांना पोचेल इतका आत घेतला. यातलं एकही काम अवघड नव्हतं. चौकात बसून ज्यांनी आयुष्यभर गाड्यांवर गप्पा मारल्या त्यांनी सायलेन्सर फोडून आवाज मोठा करणं, नंबरच्या पाटीवर "आई राजा उदो उदो" लिहिणं आणि चाकांत निळे दिवे लावणं यापलीकडे हात घातला नव्हता, एवढंच.

त्या गाडीवर पहिल्यांदा ती चढण चढले तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. मागचं चाक खडी धरून चालत होतं. थांबले तर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकत होते. उतारावर हँडल शांत. इतके दिवस मला वाटायला लागलं होतं की मला गाडी चालवता येत नाही, घरचे म्हणतात त्यात तथ्य असेल. तसं नव्हतं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. पुढचे कितीतरी महिने, अख्खा पावसाळा धरून, मी एकदाही पडले नाही.

चौकात मात्र मत वेगळं होतं. "शॉकअप लई लूज केलाय म्याडमनी," मिस्त्री सगळ्यांना सांगायचा. "आता पडणार बघा."

आत्या पौर्णिमेला तुळजापूरला जातात. एका पौर्णिमेला एसटीत चढायलाही जागा नव्हती, म्हणून सर त्यांना माझ्या गाडीवर घेऊन गेले. मी घरी नव्हते, एका लग्नाला मुरूम गावी गेले होते. दोघं बसणार म्हणून सरांनी निघण्यापूर्वी गाडी मिस्त्रीकडे नेऊन शॉकअप कसून घेतला. इथपर्यंत माझी तक्रार नाही. दोघांना तो कसायलाच हवा. टायरमध्येही ठण्ण हवा. देवीपुढे गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि परत येऊन गाडी जागेवर लावली. शॉकअप परत सैल केला नाही. मला सांगितलंही नाही. मी आणि आत्या मापं घेत होतो तेव्हा सरच हँडल धरून उभे होते.

त्या रात्री मी उशिरा परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरून फोन आला. पहिलारू म्हैस, पाय दिसतोय, डोकं दिसत नाही. मी ओट्याच्या पायरीवरून तशीच गाडीवर बसले, जमिनीला पाय टेकवून बघितलंच नाही, आणि निघाले. तलाव ओलांडल्यावर पहिल्याच खडीला मागचं चाक उडालं आणि मला कळलं की गाडीला कोणीतरी हात लावलाय. थांबून बघायला हवं होतं. पण म्हैस थांबणार नव्हती. मी हळू चालवत ओढा पार केला, चढण चढले, आणि वस्तीच्या अलीकडे जिथं वाट जराशी उतरते तिथल्या वळणावर मागचं चाक नाचलं, हँडल वळलं आणि मी खडीवर घसरत गेले.

पडता पडता माझ्या मनात दुखण्याचा विचार नव्हता. गाडी गेली, हाच विचार होता.

गाडीकडे पाठ करून, सीटखाली हात घालून, पायांच्या जोरावर ती मी उचलली. क्लचचा दांडा वाकला होता, कोपर सोललं होतं. तशीच वस्तीवर गेले. रेडकाची मान मागे वळलेली होती. वेळ लागला, पण ते जिवंत निघालं, आणि मालकानं मला हात धुवायला गरम पाणी दिलं. मग मी सीटखालचा आकडीचा पाना काढून त्याच्याच अंगणात बसले आणि शॉकअप माझ्या खाचेवर आणला, टायरमधली हवा सोडली. तो शेजारी उकिडवा बसून सगळं बघत होता.

"काय बिघडलंय, म्याडम?"

"सरांनी शॉकअप कसून ठेवला होता. त्यानं पडले. आता सैल केला."

"व्हय का," तो म्हणाला, आणि मान हलवली.

येताना त्याच वळणावरून मी त्याच वेगानं उतरले. गाडी चिकटून चालली.

घरी बातमी पोचली होतीच. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते, निकाल वाचायच्या तयारीत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शॉकअप कुणी कसला, का कसला, सैल का केला नाही, त्यानं काय होतं. आवाज चढला होता, मी तो उतरवला नाही.

"म्हणजे माझ्यामुळं पडलीस तू," सर म्हणाले.

"हो."

"मी गाडी मस्त सेट करून आणली. आईला विचार, तुळजापूरपर्यंत पोटातलं पाणी हललं नाही."

"तुम्ही दोघं होता. मी एकटी असते."

"त्यानं मायेनं केलं गं," आत्या म्हणाल्या. "देवीला दावून आणली गाडी तुझी. अन् तू त्याच्यावरच घसरतीस व्हय?"

मापं घेताना प्रत्येक आकडा या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ते आठवत नव्हतं असं नाही. त्याचा इथं काही संबंध आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

सर खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी चेहरा मऊ केला. कॉपी करताना पकडलेल्या पोराला सोडून देताना ते असाच चेहरा करतात.

"जाऊ दे," ते म्हणाले. "या खेपेचं पडणं मी धरत नाही. ठेव गाडी. पण यापुढं जपून चालव."

मला त्यांनी माफ केलं होतं. त्यांनी पाडलं, आणि त्यांनी मला माफ केलं. तोंडापर्यंत आलेले शब्द होते, आणि ते बोलले असते तर गाडी गेली असती, कारण मग अपमान झाला असता आणि अपमान झालेल्या माणसाला दिलेला शब्द एकदम आठवतो. मी त्या वस्त्या डोळ्यांसमोर आणल्या. रेडकाला चाटणारी ती म्हैस आणली. आणि "बरं" म्हणाले. आयुष्यात इतका घाण शब्द मी दुसरा उच्चारलेला नाही.

त्यानंतर गाडीची किल्ली माझ्याकडेच असते. आत्या एसटीनं जातात. मी अजून पडलेली नाही.

परवा त्याच वस्तीवर गेले होते, लस टोचायला. ते रेडकू चांगलं माजलंय, ओढून धरावं लागतं. मालकानं ते धरलं, आणि मी सुई भरत असताना माझ्या गाडीकडे हनुवटी करून म्हणाला, "आता पडत न्हाईत म्याडम तुमी. सर चौकात सांगत होते, त्यांनी शॉकअप कसून दिला तवापासून गाडी लई बेस बसली म्हणं."

त्याच अंगणात, त्याच्याच डोळ्यांसमोर मी तो शॉकअप सैल केला होता. मी त्याच्याकडे निरखून बघितलं. तो थट्टा करत नव्हता. मी काही बोलले असते तर संध्याकाळपर्यंत ते चौकात पोचलं असतं आणि रात्री जेवताना माझ्या ताटाशी.

"व्हय," मी म्हणाले. "सरांनीच."

"नशीब काढलं तुमी," तो म्हणाला.

मी त्याला रेडकू नीट धरायला सांगितलं आणि सुई टोचली.